नवशिकेपणाची किंमत

सत्काराला उत्तर देताना 'मी अजूनही विद्यार्थीच आहे' असे म्हणण्याची आपल्याकडे एक जुनी चाल आहे. गळ्यात हार असतो, खांद्यावर शाल असते, समोरची मंडळी कौतुकाने माना हलवीत असतात, आणि नेमक्या अशा वेळी वक्त्याला आपले विद्यार्थिपण आठवते. परीक्षेच्या दालनात, प्रश्नपत्रिका हाती पडलेली असताना, आपण विद्यार्थी आहोत याचा आनंद कोणाला झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. यावरून अशी शंका येते की, ज्याला आपण नम्रता म्हणतो ती पुष्कळदा, यापुढे आपली परीक्षा कोणी घेणार नाही या खात्रीतून आलेली निव्वळ स्वस्थता असते. खरा नवशिका नम्र असतोच असे नाही. तो बहुधा घाबरलेला असतो. तेव्हा प्रश्न असा की, केस पांढरे झाल्यावर, हाती थोडाबहुत अधिकार आल्यावर, माणसाने पुन्हा नवशिका होण्यात काही नैतिक मोल आहे काय? असल्यास ते कशात आहे, आणि त्याची किंमत कोणी द्यावयाची?

हा प्रश्न आम्हांला ग्रंथ वाचताना पडला नाही. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर कोवळम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे (केरळातले प्रसिद्ध कोवळम ते निराळे). त्या गावच्या समुद्रात, नाकातोंडात खारे पाणी जात असताना, तो आम्हांला पडला.

त्याचे असे झाले. आमचे एक स्नेही आहेत. आमच्याच खात्यातले, आमच्याच वर्षी नोकरीत शिरलेले आणि आमच्याप्रमाणेच बदल्यांच्या वाऱ्यावर भारतभर फिरून अखेर चेन्नईस येऊन स्थिरावलेले. गुलमर्गला जाऊन फळीवर उभे राहून बर्फावरून घसरावयाचे, ही त्यांची कित्येक वर्षांची हौस. दोनदा रजा मंजूर झाली आणि दोनदा ऐन वेळी नामंजूर झाली. शेवटी गेल्या ऑगस्टात ते आम्हांला म्हणाले, "अहो, बर्फ काही आपल्या कपाळी दिसत नाही. पण ती फळी मुळात समुद्राचीच आहे. रविवारी कोवळमला चला."

स्नेह्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने १९६५ सालच्या नाताळात मुलींच्या खेळासाठी दोन स्की एकमेकींस जोडून त्यांची एक फळी केली. बर्फ आणि सागरतरंग या दोहोंच्या इंग्रजी नावांची मोट बांधून तिला 'स्नर्फर' असे नाव मिळाले, आणि आजच्या स्नोबोर्डिंगची ती एक पूर्वज ठरली. पुढे बर्फावरच्या या खेळास १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. समुद्रावरच्या मूळ सर्फिंगला तो मान मिळण्यास टोकियोची स्पर्धा, म्हणजे २०२१ साल, उजाडावे लागले. लेकीची पाठवणी आधी झाली, आईचा सत्कार मागाहून! मात्र दोन लाकडे जोडून त्यांच्यावर आपला जीव सोपवावा ही कल्पना मिशिगनची खास नव्हे. चोळमंडळाच्या या किनाऱ्यावर ओंडके दोरांनी बांधून त्यांवरून मच्छीमार शतकानुशतके समुद्रात जात आले आहेत. त्या तराफ्याचे नावच 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेले लाकूड. इंग्रजीतला 'कॅटमरान' हा शब्द येथूनच गेला. म्हणजे आम्ही जी गोष्ट पैसे देऊन शिकावयास निघालो होतो, ती या गावाची पिढीजात भाकरी होती.

गावातील मूर्ती मेगवन या मच्छीमाराने २०१२ साली कोवळमला सर्फिंगची शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि दुसऱ्या वर्षापासून येथे लाटांवरचा उत्सवही भरू लागला. आता अशा शिकवण्या येथे आणखीही आहेत. त्यांपैकी एकीत आम्ही दोघे पहाटे जाऊन दाखल झालो. पहाटेची वेळ अशासाठी की, नैर्ऋत्य मोसमात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो व लाटा नीटस राहतात. दुपारी समुद्रवारा सुटला की पाण्याचा विस्कोट होतो. आमचे गुरुजी तेवीस-चोवीस वर्षांचे, मच्छीमाराच्याच घरातले. इतक्या लहान वयाच्या माणसाने आम्हांला 'असे नाही, पुन्हा' असे बजावण्याचा प्रसंग गेल्या वीस वर्षांत आला नव्हता.

पहिला अर्धा तास वाळूवर गेला. फळीवर पालथे निजावयाचे, हातांनी पाणी मागे सारल्याचा अभिनय करावयाचा, मग छातीखाली तळवे टेकून एका झेपेत उभे राहावयाचे. गुडघे वाकलेले हवेत, नजर पायांकडे नको, समोर हवी. पडावयाचे झाल्यास सूर मारल्यासारखे डोक्यावर न पडता आडवे पडावे, आणि पाण्यातून वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे, कारण घोट्याला दोरीने बांधलेली फळी माणसाच्या मागोमाग उसळून येते. गुरुजींनी हे थोडे इंग्रजीत, पुष्कळसे तमिळमध्ये आणि बाकीचे अंगविक्षेपांनी सांगितले. एक शब्द त्यांनी आमच्याकडून घोकून घेतला: 'अलै', म्हणजे लाट. आम्ही तो पाठ केला आणि आपल्याला बरेच तमिळ येऊ लागले अशी समजूत करून घेऊन पाण्यात शिरलो.

पाण्यात काय झाले त्याचे सविस्तर वर्णन करण्याची गरज नाही, आम्ही पडलो. कमरेएवढ्या पाण्यात, फेसाच्या अगदी लहान लाटांवर, आम्ही डावीकडे पडलो, उजवीकडे पडलो आणि एकदा तर उभे राहण्यापूर्वीच पडलो. मराठीत 'ऊर्मी' या शब्दाला लाट आणि मनातली उसळी असे दोन्ही अर्थ आहेत, याची प्रचीती आली. शास्त्र असे सांगते की, लाटेबरोबर पाणी दूरवर वाहत येत नाही. पुढे जातो तो फक्त जोर. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठविलेला तो जोर हजारो किलोमीटर चालून या किनाऱ्याला लागतो, आणि समोर कोणत्या श्रेणीचा अधिकारी उभा आहे याची चौकशी न करता त्याला आडवे करतो.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आमचे स्नेही पडत तेव्हा आम्हांला बरे वाटे. तीस वर्षांच्या स्नेहाला हे शोभणारे नव्हते. परंतु ते आमच्याआधी उभे राहतील की काय, या धास्तीने आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो, आणि ते कोसळले की आमचे गुडघे थोडे निर्धास्त होत. स्नेह्यांची रीत मात्र वेगळी होती. ते पडत आणि मोठ्याने हसत. आम्ही पडत असू आणि कोणी पाहिले काय हे पाहत असू. मग जे व्हावयाचे तेच झाले. आठव्या की नवव्या खेपेस स्नेही चांगले चार-पाच सेकंद उभे राहिले. आम्हीही पुढे एकदा उभे राहिलो. परंतु मागे वळून पाहतो तो आमच्या फळीचे शेपूट गुरुजींनी अगदी शेवटपर्यंत धरून ठेवले होते. उभे कोण राहिले, आम्ही की ते, हा प्रश्न सोडविण्यापूर्वीच आम्ही पुन्हा पाण्यात होतो.

ताठरपणा हा आमचा दोष. गुरुजी सारखे ओरडत, "कुनिंग! कुनिंग!" म्हणजे वाका. मोठ्याने ओरडतानाही त्या शब्दाच्या अखेरीस आदराचा 'ंग' होताच, हे आम्हांला पुढे स्नेह्यांनी सांगितले. या किनाऱ्याने वाकण्याचा धडा पूर्वीही पुष्कळांना दिला आहे. इंग्रजांनी १६३९-४०च्या सुमारास मद्रासला ठाणे वसविले तेव्हा तेथे नैसर्गिक बंदर नव्हते. बंदराचे काम निघाले १८७५ साली, आणि १८८१च्या वादळाने त्याचे बांध मोडून टाकले. त्याआधीची दोनशेहून अधिक वर्षे जहाजे दूर नांगर टाकीत, आणि माणसांना व मालाला या फुटत्या लाटांतून किनाऱ्याला आणीत त्या 'मसुला' नावाच्या देशी नावा. त्यांत खिळा नसे. फळ्या काथ्याने एकमेकींस शिवलेल्या असत, म्हणून वाळूवर आपटताना त्या लवत आणि तगत. जहाजांच्या पक्क्या, खिळे ठोकलेल्या होड्यांची त्या लाटांत धडगत नसे. प्रवाशांत गव्हर्नर असो वा शिपाई, त्याला त्या शिवलेल्या नावेतूनच उतरावे लागे.

मग अपघात झाला. एक लाट जरा मोठी आली, आम्ही फळीवरून फेकले गेलो आणि उठून उभे राहिलो तोच गुरुजी ओरडले. आम्हांला ऐकू आले ते, "अलै! अलै!" आपल्याला येणारा एकुलता एक शब्द ऐकून आम्ही आज्ञाधारकपणे लाटेकडे पाहण्यास वळलो, आणि फळी येऊन आमच्या कपाळावर आदळली. गुरुजी ओरडत होते, "तलै! तलै!" तलै म्हणजे डोके. डोके सांभाळा, असे ते सांगत होते, आणि आम्ही लाट बघत होतो. आम्ही "आई गं!" म्हणून ओरडलो, आणि तेवढे मराठी मात्र त्यांना न शिकविता समजले.

जखम लहान होती. किनाऱ्यावर चहाची टपरी होती. तेथल्या म्हाताऱ्या बाईने आम्हांला बाकावर बसविले, कपाळावर हळद दाबून धरली आणि ती बोलू लागली. ती पुष्कळ वेळ बोलत होती. समुद्राकडे हात करून बोलली, मग आकाशाकडे, मग तिने आवाज खाली आणला आणि दोन बोटे दाखवून काही सांगितले. ती थांबली तेव्हा आम्ही स्नेह्यांना विचारले, "काय म्हणाली?"

स्नेही म्हणाले, "घाबरू नका, म्हणाली."

"बस्स, इतकेच? एवढे सगळे बोलली ती!"

"अहो, मला इतकेच समजले," स्नेही शांतपणे म्हणाले. मग तिच्याकडे वळून आपल्या मोडक्या तमिळमध्ये त्यांनी तिला पुन्हा, सावकाश सांगावयास विनविले. ती दोन बोटे तिच्या दोन मुलांची होती. २००४ सालच्या २६ डिसेंबरला, सुनामीच्या सकाळी, दोघे समुद्रात होते. एक परत आला.

हळद कपाळावर चरचरत होती, परंतु आम्हांला त्या वेळी दुसरेच काही आठवले. काही महिन्यांपूर्वी आमच्या कचेरीत, आमच्या मेजासमोर, अशीच एक वृद्ध विधवा उभी होती. तीही बराच वेळ बोलली होती. दहा मिनिटे तरी असावीत. आम्ही कारकुनांना इंग्रजीत म्हणालो, "थोडक्यात सांगा." त्यांनी थोडक्यात सांगितले: "मुदत संपल्यावर अर्ज केला, तरी पैसे मागते आहे." आम्ही मुदतीची तारीख पाहिली, अर्जाची तारीख पाहिली आणि सही केली. दहा मिनिटांतली एक ओळ आम्हांला मिळाली, आणि उरलेली नऊ मिनिटे काय होती असे विचारण्याचे आम्हांला सुचलेही नाही. स्नेह्यांनी 'मला इतकेच समजले' असे म्हटले, आणि त्या म्हणण्यात पुढे विचारण्याची वाट होती. आम्हांला त्या दिवशी आपल्याला समजले नाही हेच समजले नव्हते.

चेन्नईत आम्हांला पाच वर्षे झाली. या पाच वर्षांत जमविलेले आमचे तमिळ शब्द आम्ही त्या बाकावर बसून मोजले: 'एव्वळवु' म्हणजे किती, 'पोदुम' म्हणजे पुरे, 'वेंडाम' म्हणजे नको, 'सीक्किरम' म्हणजे लवकर, आणि रिक्षावाल्यासाठी 'नेरा', म्हणजे सरळ. सगळे शब्द हुकूम सोडण्याचे किंवा व्यवहार आटोपण्याचे. त्यांत एकच काय तो प्रश्न, आणि त्याचेही उत्तर आकड्यात येणारे. स्नेही आमच्यानंतर वर्षाने चेन्नईस आले. फळवाल्याकडे पिकलेले फळ मागताना 'पळुत्त' म्हणावयाच्या ऐवजी ते 'पळैय' म्हणाले, म्हणजे त्यांनी शिळे फळ मागितले. तो फळवाला डोळ्यांत पाणी येईतो हसला, आणि तेव्हापासून त्यांना हाक मारून चांगले फळ देतो. त्या शब्दांत जो 'ळ' आम्ही लिहिला आहे तोही खरा नव्हे. तमिळमध्ये आपल्या 'ळ'सारखा एक वर्ण आहे आणि त्याहून निराळा, जीभ आणखी मागे वळविणारा, दुसरा एक आहे. आणि 'तमिळ' या नावातच तो दुसरा आहे. म्हणजे ज्या भाषेच्या प्रदेशात आम्ही राहतो तिचे नावही आम्ही पाच वर्षे चुकीचे उच्चारीत आलो.

आता यावर जे आक्षेप येतील ते आमच्याच मनात आधी आले. पहिला असा की, अधिकाऱ्याने अडखळू नये. लोक त्याच्याकडे निर्णयासाठी येतात. तो त्यांच्यासमोर चाचपडू लागला तर त्यांचा विश्वास उडेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याने रोग्यावर हात बसवू नये हे जसे खरे, तसेच हेही. आक्षेप बळकट आहे. परंतु तो कामातल्या अज्ञानाविषयी आहे. नियम ठाऊक नसलेला अधिकारी दोषीच. समोरच्या माणसाची भाषा ठाऊक नसणे मात्र निराळे: ते झाकल्याने काम अचूक होत नाही, फक्त चूक दिसेनाशी होते. दुसरा आक्षेप अधिक ओळखीचा आहे. आज चेन्नई, उद्या भोपाळ, परवा गुवाहाटी. बदलीच्या माणसाने किती भाषांत हसे करून घ्यावे? हा युक्तिवाद आम्ही पाच वर्षे स्वतःशी केला. पण दोन तासांच्या खेळासाठी आम्ही 'अलै' शब्द पाठ केला होता, कारण तो न येण्यात आमचे नुकसान होते. पाच वर्षांच्या चाकरीत 'तलै' शिकलो नाही, कारण तो न येण्यात आजवर आमचे काहीच गेले नव्हते. वेळेचा प्रश्न होता असे म्हणणे ही सोय होती.

या मुद्द्यापाशी आल्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अंधूक दिसू लागले. समुद्रात पडण्यास धैर्य लागले खरे. परंतु त्या धैर्याचे मोल फार नाही. तो नवशिकेपणा आम्ही विकत घेतला होता, आणि उन्ह चढताच परत करणार होतो. त्या पडण्यात आमच्या मानाला धक्का नव्हता. उलट घरी गेल्यावर कौतुकच होणार होते. ज्या ठिकाणी पडलो तर मान जाईल, तेथे आम्ही पाऊल टाकले नव्हते. आणि आम्ही पडावयाचे नाकारले म्हणून पडणे टळले असेही नव्हते. आमच्या वतीने दुसरे कोणी पडत होते. त्या विधवेला परक्या इंग्रजीतल्या कागदांपुढे उभे राहावे लागले, तिची दहा मिनिटे एका ओळीत मावावी लागली. दोन माणसांमध्ये भाषेची दरी असली तर कोणीतरी अडखळणारच. प्रश्न इतकाच असतो की कोणी अडखळावे. अधिकार म्हणजे पुष्कळदा हे अडखळणे समोरच्याच्या वाट्याला टाकण्याची सोय. म्हणून नवशिकेपणाला नैतिक मोल असेल तर ते पडण्यात नाही. जे पडणे आपण दुसऱ्याच्या माथी मारीत आलो ते स्वतःच्या अंगावर घेण्यात ते आहे.

समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी निराळा समास योजिला, यातले मर्म आम्हांला आता थोडे कळते. साध्या मूर्खाला न येणे दिसते; पढतमूर्खाला येणाऱ्या गोष्टींच्या ढिगाआड न येणारी गोष्ट दिसत नाही. आपली भाषा परप्रांतात जपणे हे आम्हां परमुलखी मराठी माणसांचे व्रत आहे, आणि ही पाने त्याच व्रताची साक्ष आहेत. परंतु व्रत आणि आळस यांची कधीकधी गल्लत होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरविला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच घराण्यातल्या शहाजीराजांनी त्याआधी शंभर वर्षे 'पंचभाषाविलास' नावाच्या नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा रंगभूमीवर एकत्र आणल्या, हे क्वचितच सांगतो. ते राजे होते. हुकमाच्या चार शब्दांवर त्यांचेही भागले असते.

सोमवारी आम्ही कपाळाला पट्टी लावून कचेरीत गेलो. कारकुनांनी चौकशी केली. आम्ही 'अलै' आणि 'तलै' यांची हकिकत त्यांना सांगितली. ते प्रथम संकोचले आणि मग मनमोकळे हसले. ते हसू आम्हांला बोचले नाही असे म्हणणे खोटे होईल. नंतर आम्ही त्या विधवेचे प्रकरण मागविले. मुदत खरोखरच संपलेली होती. निर्णय नियमाला धरून होता, आणि आजही आम्हांला तोच द्यावा लागला असता. "परंतु त्या दिवशी ती आणखी काय म्हणत होती?" आम्ही विचारले.

कारकुनांनी बराच विचार केला. त्यांना आठवत नव्हते.

आता मधल्या सुट्टीत ते आम्हांला तमिळ अक्षरे शिकवितात. तो दुसरा 'ळ' अद्याप जमत नाही. ते आम्हांला 'असे नाही, पुन्हा' म्हणतात, आणि आम्ही पुन्हा म्हणतो.